पुढच्या चढाईला एका हितचिंतकाकडून एकावन्न

खालापूर,
बुधवार, जेवणाची सुट्टी

तीर्थरूप मैनाताईच्या पायांवर धाकट्या कमलेशचं डोकं. (उचलून पाहू नकोस, आत फारसं काही उरलेलं नाही.)

पत्र बघून घाबरू नकोस. सगळे जिवंत आहोत. पोस्टमनने पाकीट हातात दिल्याबरोबर तू भिंतीला टेकून खाली बसली असशील आणि 'अहो, कमळ्याचं पत्र आलंय, आधी तुम्ही वाचा' म्हणून भाऊजींना हाक मारली असशील, हे मला इथून दिसतंय. तर भाऊजी, चष्मा लावा आणि तिला सांगा की बातमी वाईट नाही. तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या खेपेला दिलेलं तेल लावता का, की बाटली अजून देवाच्या कोनाड्यातच आहे? तिथे ठेवून गुडघा बरा होत नाही. आणि ताई, तुझे पापड या वर्षी किती झाले ते मी विचारत नाही, कारण मी विचारलं की तुला वाटतं मी मागतोय. (मागत नाही. पण पोह्याचे असतील तर नाही म्हणणार नाही.)

आता मोबाइल असताना पत्र का, हे सांगतो. मोबाइलवर तुला काही कळवायचं म्हणजे ते आधी हर्षलाला कळतं. माझा मोबाइल तिने पसंत केलेला, त्यात जे काय भरलंय ते तिनेच भरलेलं, आणि तो तिच्या अंगठ्याने लगेच उघडतो. माझ्या अंगठ्याने उघडायलाच मागत नाही, इतक्या वर्षांच्या कामाने रेषा झिजल्यात म्हणे. बोलावं म्हटलं तर तुला ऐकू जावं म्हणून मी ओरडतो आणि ते तुझ्याआधी अख्ख्या आळीला कळतं. म्हणून कँटीनमध्ये बसून, सुरक्षा सप्ताहाच्या उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर हे लिहितोय. मागच्या बाजूला शिडीवरून पडणाऱ्या माणसाचं चित्र आहे, त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस. तो मी नाही.

विषय अर्थातच हर्षला. तुझी भाची बारावीची परीक्षा देऊन मोकळी झाली आणि मी अडकलो. परीक्षा होती तोवर बरं होतं. पोरगी पुस्तकासमोर, मी तिच्यासमोर, दाराला कडी. आता तिला दिवसभर बाहेर कामं असतात. कसली कामं असं विचारलं की 'बाबा, कामं म्हणजे कामं' असं उत्तर येतं. शिवाय निकाल लागला की जूनमध्ये पुण्याला कॉलेजात जायचं, हॉस्टेलवर राहायचं, असं तिने ठरवलंय. मला विचारलं तेव्हा मी 'बघू' म्हणालो. तेव्हापासून रोज बघतोच आहे.

माझी नोकरी तुला माहीतच आहे. (भाऊजींना अजून मी इथे वॉचमन आहे असं वाटतं, त्यांना एकदा समजावून सांग.) कारखान्यात कुणी डोक्यावर टोपी न घालता आत येऊ नये, शिडी नीट टेकवल्याशिवाय चढू नये, तेल सांडलं तर त्यावर वाळू टाकावी, हे बघायचा मला पगार मिळतो. इतकी वर्षं असं काम केल्यावर माणसाची नजर बिघडते. लग्नाला गेलो तर मला नवरानवरी दिसत नाहीत, मांडवाची सैल दोरी दिसते. हर्षलाच्या बाबतीत तर ही नजर घरातच वाढली. तिची आई, सोनाली, गेली तेव्हा पोर पहिलीत होती. सकाळी चालत दवाखान्यात गेलेलं माणूस संध्याकाळी घरी येत नाही, हे एकदा पाहिल्यावर दुसऱ्याला उंबऱ्याबाहेर सोडताना हात सुटत नाही, ताई. मला भीती वाटते. हे मी कारखान्यात कुणाला सांगत नाही, तुला सांगतो. म्हणून आमच्या गॅसजवळ लाल पट्टी आहे, न्हाणीत धरायला कठडा आहे आणि दाराच्या आत 'बाहेर पडताना सांगून जावे' अशी पाटी आहे. हर्षलाने तिच्याखाली खडूने 'सांगितलं होतं' असं लिहून ठेवलंय.

तर झालं असं. हनुमान जयंतीला आपल्या गावात कबड्डीचे सामने होते. माइकवर नेहमीप्रमाणे सखामामा. तालुक्यात सामना कुठेही असो, समालोचन सखामामांचं, हे तुझ्या लग्नाआधीपासून चालत आलंय. पण त्या दिवशी ऊन एवढं की त्यांनी बर्फ घातलेलं कोकम सरबत ग्लासामागून ग्लास रिचवलं आणि दुसऱ्या सामन्यात त्यांचा आवाज बसला. तोंड हलतंय, भोंग्यातून नुसती हवा. हर्षला शेजारीच गुण लिहायला बसली होती. तिने माइक उचलला. मी तेव्हा मांडवाच्या मागे वायरी तपासत होतो (कुणी सांगितलं नव्हतं, पण बघायला नकोत?) आणि मला वाटलं, कुणीतरी रेडिओ लावला. चढाई, पकड, बोनस, सगळं धडाधड, मध्येच कोपरखळी, पडलेल्या खेळाडूचं सांत्वन, पंचांना मान. बाहेर येऊन बघतो तर आमचं रत्न, एक पाय खुर्चीवर ठेवून! मी आधी तो पाय बघितला, खुर्ची प्लास्टिकची होती.

त्याच आठवड्यात कशेळ्याच्या मंडळाचा फोन आला. रविवारी त्यांच्याकडे सामने, समालोचन 'त्या पोरीचंच' पाहिजे. हर्षला मला म्हणाली, 'बाबा, रविवारी मी कशेळ्याला जाणार. कर्जतपर्यंत एसटी, पुढे जीप. सखामामा असतील तिथे, पण बोलणार मीच.' मी म्हटलं, 'सोडायला येतो.' म्हणाली, 'नको.' 'बरं, आणायला येतो.' 'नको.' 'मग मी काय करू?' 'घरी बसा की, बाबा. लोक बसतात.'

आणि ताई, मी हो म्हणालो! विश्वास बसत नसेल तर अजून एकदा वाच. मी मोठ्या मनाने हो म्हणालो आणि सोमवारपासून शनिवारपर्यंत कँटीनमध्ये सगळ्यांना सांगत सुटलो की मुलांना मोकळं सोडलं पाहिजे, आपलं काम फक्त पाठीशी उभं राहण्याचं. दोघा-तिघांनी माझ्याकडे बघून आपापल्या घरी पोरांना सवलती दिल्या. एकाने तर मला चहा पाजला. रविवारी सकाळी मी तिची पिशवी भरली: पाण्याच्या दोन बाटल्या, टोपी, ग्लुकोज, शिट्टी, बॅटरी, मलमपट्टी आणि दोरी. दोरी कशाला असं तिने विचारलं. दोरी असावी, एवढंच मी म्हणालो. ती दोरी, बॅटरी आणि शिट्टी काढून माझ्या हातात देऊन गेली.

मी घरी बसलो. खरंच बसलो. चहा गार होईपर्यंत बसलो होतो. मग मला आठवण झाली की आपल्याकडे बांबूची करंडी नाही. करंड्या खालापुरातही मिळतात, पण त्या दिवशी मला कशेळ्याच्या बाजारातलीच करंडी हवीशी वाटली, त्याला मी काय करणार? माणसाला कधी कशाची ओढ लागेल सांगता येत नाही. गाडीला किक मारली आणि निघालो. तिला दिसू नये म्हणून मैदानाजवळ पोचल्यावरही हेल्मेट काढलं नाही. आता तू म्हणशील, हजारभर माणसांत ऐन एप्रिलच्या उन्हात हेल्मेट घालून उभा असलेला एकच माणूस सगळ्यात आधी नजरेत भरणार. हे मला तेव्हा सुचलं नाही. म्हणून म्हणतो, तू आमच्या कारखान्यात असायला हवी होतीस.

मैदानाच्या कडेला मंगळीबाई म्हणून एक बाई लिंबू सरबताची गाडी लावून होती. तिच्या गाडीमागे सावली होती आणि तिथून समालोचकांचं टेबल नीट दिसत होतं. मी तिथे उकिडवा बसलो. बाईने थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, 'दादा, डोक्याला काय लागलंय काय? काढा की ती टोपी. तुमाला बघून माजंच डोकं तापाय लागलंय.' मी म्हटलं, सवय आहे. सरबत घेतलं. ते हेल्मेटची काच वर करून प्यावं लागलं.

हर्षला बोलत होती. काय बोलत होती ताई! कशेळ्याचा शुक्रा म्हणून एक चढाईपटू आहे, काटकुळा, पण घुसला की चारजणांच्या मधून मासोळीसारखा निसटून येतो. ती म्हणाली, 'शुक्राला पकडायला जाऊ नका, त्याला घरी जेवायला बोलवा, तेव्हाच बसेल एका जागी!' सगळं मैदान हसलं. मीही हसलो, हेल्मेटमध्ये ते फार मोठ्याने ऐकू आलं. पण माझी नजर टेबलावर होती. पाण्याची बाटली भरलेली, झाकणाला हात लागलेला नाही. टोपी पिशवीतच. मांडवाचं कापड तोकडं, ऊन सरळ तिच्या कपाळावर. हाक मारावी तर मी तिथे नाहीच. फोन करावा तर तो तिने बंद ठेवलेला.

आणि मग मला ती कल्पना सुचली. तुमच्या पेणला काय चालतं ठाऊक नाही, पण आमच्याकडे सामन्यात कुणालाही बक्षीस द्यावंसं वाटलं की तो चिठ्ठीवर नाव लिहून, नोट गुंडाळून टेबलावर पाठवतो. समालोचक ती वाचतो, 'अमुक शेठकडून पुढच्या चढाईला एकावन्न रुपये', की खेळाडूला हुरूप, देणाऱ्याला मान. टेबलावर पोचायचा हा एकच राजमार्ग. मी खिशातल्या पत्रकाचा तुकडा फाडला आणि लिहिलं: 'पुढच्या चढाईला एका हितचिंतकाकडून एकावन्न. सूचना: समालोचकांनी पाणी प्यावे.' मंगळीबाई टेबलावर सरबत द्यायला निघालीच होती, तिच्या हाती चिठ्ठी दिली. हर्षलाने वाचली. पहिलं वाक्य माइकवर, दुसरं मनात. शुक्राने त्या चढाईत दोघांना बाद केलं, टाळ्या झाल्या, बाटली तशीच!

मग मी दुसरी पाठवली. पुढच्या पकडीला तेवढेच. सूचना: डोक्यावर टोपी घालावी. पुन्हा तेच. मला वाटलं, रक्कम कमी पडतेय, म्हणून तिसऱ्या वेळेला बक्षीस वाढवलं आणि सूचना खाली दोन रेघा मारून अधोरेखित केली. ताई, तुला काय सांगू, मी पोरीने पाणी प्यावं म्हणून पैसे पाठवतोय आणि तिकडे शुक्रा पेटत चाललाय! एरवी दमून रेषेवरून परत येणारा माणूस, पण हितचिंतकाचं नाव निघालं की वाघासारखा आत शिरायचा. दुसऱ्या बाजूच्यांनी मंडळाकडे तक्रार केली की हा हितचिंतक कशेळेवाल्यांनाच का देतो? म्हणून मला त्यांच्यासाठीही पाठवावी लागली. प्रेक्षक माना वळवून हितचिंतक शोधायला लागले. मंगळीबाई मात्र खुशीत होती. ती म्हणाली, 'दादा, तुमी गप बसून ऱ्हा. मी देते नेऊन. एक सरबत घ्या अजून.' प्रत्येक चिठ्ठीमागे मी एक सरबत प्यायलो, हे मला नंतर पोटाने सांगितलं.

शेवटी मी लिहिलं, 'सूचना: समालोचकांनी जेवण केले आहे काय?' ती चिठ्ठी हातात धरून हर्षला जराशी थांबली. (नंतर कळलं की पहिल्याच चिठ्ठीत तिने ओळखलं होतं. 'सूचना' लिहून पुढे दोन टिंबं देणारा रायगड जिल्ह्यात दुसरा कोण आहे?) मग माइकवर, अगदी अदबीने, म्हणाली, 'आपल्या हितचिंतकांना कळवण्यात येतं की समालोचकांनी भाकरी खाल्ली आहे, पाणी आता पीत आहेत, टोपी आता घालत आहेत. हितचिंतकांनी स्वतः सावलीत बसावं. यापुढचं बक्षीस बिनसूचनेचं असावं ही नम्र विनंती.' आणि खरंच तिने बाटली उघडली आणि प्यायली. सगळं मैदान लोटपोट. मी गाडीच्या चाकामागे जितका लहान होता येईल तितका झालो.

इथे हे संपलं असतं तर मी तुला लिहिलंही नसतं. पण मंडळाचे अध्यक्ष आबाजी, जुने खेळाडू, कान मोडलेले, मन फार मोठं. त्यांना वाटलं, एवढा दानशूर माणूस आपल्या मैदानात आला आणि त्याला साधं श्रीफळ नाही? त्यांनी माणसं सोडली. मंगळीबाईने मला वाचवलं असतं असं मला वाटत होतं. तिने सरबत ढवळायचा डाव माझ्याकडे रोखला आणि ओरडली, 'ह्यो काय माजे गाडीमागं बसलाय! लाजतोय बिचारा!' दोघांनी मला काखेत धरून व्यासपीठावर नेलं. हेल्मेटसकट. शाल खांद्यावर नीट बसेना म्हणून आबाजींनीच ते काढलं.

मी हर्षलाकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं. आणि ताई, ती माइकवर म्हणाली, 'आपले दानशूर, क्रीडाप्रेमी, खालापूरचे कमलेशशेठ यांचं मी मंडळातर्फे स्वागत करते.' बाबा नाही. माझे वडील नाही. कमलेशशेठ! आवाजात हसू होतं की राग, ते मला कळलं नाही, आणि तेच मला लागलं. तिच्या आवाजातलं सगळं मला कळतं असं मी समजत होतो. आबाजींनी माझ्या हातात माइक दिला, म्हणाले, 'शेठ, दोन शबूद बोला.' मला जन्मात एकच भाषण येतं. तेच निघालं. मी प्रेक्षकांना आग लागल्यास बाहेर पडण्याचे मार्ग सांगितले, पेंढ्याच्या गंजीजवळ विडी ओढू नये म्हणालो आणि 'सुरक्षितता आपल्या हाती' म्हणून थांबलो. टाळ्या बऱ्या पडल्या. दोघांनी विड्या विझवल्याही. मला पाहुणा म्हणून टेबलाशेजारच्या खुर्चीत बसवण्यात आलं.

आता जे झालं ते हसण्यासारखं नाही. शेवटच्या सामन्यात शेवटच्या चढाईला शुक्रा पकडला गेला, पण पडता पडता त्याचं बोट मध्यरेषेला लागलं की नाही, यावरून पेटलं. पंच म्हणाले, लागलं नाही. कशेळ्याची पोरं मैदानात उतरली, समोरून दुसऱ्या गावची आली. कुणीतरी पंचाची कॉलर धरली. मांडवाचा एक खांब हलला (सैल दोरी! मी आल्याआल्याच बघितली होती). गर्दी टेबलाच्या बाजूला सरकायला लागली. मी उठलो. एका हातात हर्षलाची पिशवी घेतली, दुसरा हात तिच्या दंडाकडे नेला. मागे बाहेर पडायची वाट मी आधीच हेरून ठेवली होती. सखामामा खुर्चीमागे सरकले होते. माझ्या डोक्यात एकच होतं, हिला इथून काढायचं, आणि पुन्हा कधीही कुठेही पाठवायचं नाही, पेण नाही, पुणे नाही, नळावरही नाही.

तिने माइकवर तळवा ठेवला आणि मला म्हणाली, 'बाबा, बसा.'

बाबा म्हणाली. ओरडली नाही, विनवलंही नाही. आपण घाबरलेल्या पाहुण्याला म्हणतो तसं म्हणाली.

मी बसलो. ताई, हे लिहायला दोनच शब्द लागले, पण लिहिण्याआधी मला उठून एक चहा आणावा लागला.

मग ती बोलायला लागली. शांतता राखा, मागे व्हा, यातलं काही नाही. तिने नावं घ्यायला सुरुवात केली. दिवसभर चिठ्ठ्या वाचून तिला मैदानातल्या एकूणएक मोठ्या माणसाचं नाव पाठ झालं होतं. 'ज्यांनी पहिल्या पकडीला बक्षीस दिलं ते हिरूकाका कुठे आहेत? हिरूकाका, पंचांना एक ग्लास पाणी द्या. आबाजीमामा, तुम्ही खेळलात तेव्हा पंचांचा निर्णय कोण मानायचं ते या पोरांना सांगा.' अशी एकामागून एक, दोन्ही गावांची, आळीपाळीने. आणि मी एक गोष्ट पाहिली. भोंग्यावरून आपलं नाव आलं की माणूस धक्काबुक्की सोडून आधी शर्ट नीट करतो. हिरूकाकांनी ज्याची मान धरली होती ती सोडली आणि पाणी आणायला गेले. शेवटी म्हणाली, 'शुक्रादादा, बोट लागलं का नाही ते तुझ्याएवढं कुणालाच माहीत नाही. तू सांग, मी तेच माइकवर सांगते.' शुक्रा मातीत बसला होता. त्याने मान हलवली. नाय लागलं. एवढ्या गोंगाटात ते तिने सगळ्यांना सांगितलं आणि वर म्हणाली, 'चढाया पुष्कळ होतील, असा खेळाडू कशेळ्याला रोज मिळत नाही.' सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या त्या हरलेल्या कशेळेवाल्यांनीच.

मी पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो. मला रडू आलं. उन्हाने डोळ्यांत पाणी आलं असं मी आबाजींना सांगितलं, ते म्हणाले, 'शेठ, ऊन केवाच गेलं.' वाटलं, सोनाली हे बघायला हवी होती. आणि वाटलं, मी हे बघायला नको होतो, म्हणजे मी नसतो तरीही हे असंच झालं असतं. हे कळल्यावर बापाला आनंद व्हावा. झाला. पण तिच्या पिशवीचा बंद काही मी हातातून सोडला नाही.

सामने संपल्यावर मी म्हटलं, 'चल, गाडीवर बस.' म्हणाली, 'मी जीपने येणार. ठरलंय ना?' मी हो म्हणालो आणि पुढे निघालो. जीपच्या मागे गेलो नाही, पुढे गेलो, हे लक्षात घे. (मागे गेलो असतो, पण कशेळ्याची जीप भरल्याशिवाय सुटत नाही आणि माझ्या गाडीचा पुढचा दिवा बिघडलाय.) घरी पोचलो तर आठवलं, करंडी राहिलीच. ती आली, चपला काढल्या आणि सरळ आत गेली. मग खोलीतून म्हणाली, 'कमलेशशेठ, शाल घडी करून ठेवा, धुवायला टाकू नका.' आणि हसायला लागली. मला जरा बरं वाटलं. मग मी विचारलं, वडील का म्हणाली नाहीस? तर म्हणते, 'बाबा, तसं म्हटलं असतं तर लोकांना वाटलं असतं वशिल्याने आलेय.' मी 'बघू' म्हणालो.

तर आता कामाचं. तुमच्या पेणला पुढच्या गुरुवारपासून चार दिवसांचे सामने आहेत आणि आबाजींनी तिचं नाव तिकडे कळवलंय. ती खालापूरहून खोपोली, तिथून पेणच्या एसटीने एकटी येईल आणि चारही दिवस तुझ्याकडे राहील. मी हो म्हणालोय. या वेळी मनापासून, आणि कँटीनमध्ये कुणालाही न सांगता. तिला तुझ्या घरी लाडात ठेवू नकोस, कामाला लाव, पापड लाटायला बसव. किती वाजता येते, कुणाशी बोलते, हे मला कळवू नकोस. मी विचारलं तरी सांगू नकोस. भाऊजींना सांग, गुडघा घेऊन मैदानात जाऊ नका, भोंगा घरातही ऐकू येईल. पोरांना माझे आशीर्वाद, तुम्हा दोघांना नमस्कार. कारखान्याचा भोंगा वाजलाय, सुट्टी संपली, उठतो.

तुझा,
कमळ्या

ता. क. तिला बर्फाचं काही देऊ नकोस. सखामामांचं काय झालं ते वर लिहिलंच आहे.

ता. क. तिला घ्यायला एसटी स्टँडवर जायची मुळीच गरज नाही. तिला घर माहीत आहे. पण गुरुवारी सकाळी तुला भाजी आणायची असलीच, आणि ती स्टँडसमोरच चांगली मिळत असली, तर मी कोण अडवणारा? फक्त तिला दिसू नकोस, आणि डोक्यावर काही घालू नकोस.

ता. क. वरची ता. क. खोडणार होतो, पण पत्रक मळेल. ती वाचू नकोस. जाऊ नकोस स्टँडवर. खरंच.

ता. क. शेवटची. पत्र याच्यासाठीच लिहायला घेतलं होतं, पण सुरुवातीला लिहायला जमलं नाही. आमच्या घरातलं सगळ्यात लहान पातेलं दोघांच्या भाताचं आहे. काल हर्षला मैत्रिणीकडे जेवायला गेली होती, म्हणून त्यात माझ्यापुरता भात लावून पाहिला. खाली करपला, वर कच्चा राहिला. तुझ्या माळ्यावर भांडी पुष्कळ आहेत. एका माणसाच्या भाताचं एखादं पातेलं असेल तर ती परत येताना तिच्या हाती दे, कशाला ते तिला सांगू नकोस. पेणचे चार दिवस मी कसंही भागवीन. मला ते जूनपासून लागेल.